साठवणीचं नाव, चपळाईचं काम

१४ डिसेंबर २०१७. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे दोन वाजत आलेले. व्हिक्टोरिया राज्यातल्या लॉय यांग या कोळशावरच्या वीजकेंद्राचा एक संच अचानक बंद पडला आणि ५६० मेगावॉट वीज ग्रीडमधून गायब झाली. असं काही झालं की कुणी धावून यायचं हे आधीच ठरलेलं असतं. त्या रात्री पाळी होती क्वीन्सलँडमधल्या ग्लॅडस्टन केंद्राची, तेही कोळशाचंच. पण ग्लॅडस्टनचा संच हलायच्या काही सेकंद आधीच, लॉय यांगपासून जवळजवळ हजार किलोमीटरवर, साउथ ऑस्ट्रेलियातल्या जेम्सटाउन गावाबाहेरच्या रानात उभ्या असलेल्या पांढऱ्या कपाटांनी ७.३ मेगावॉट वीज ग्रीडमध्ये ढकललीसुद्धा.

५६० च्या खड्ड्यात ७.३, म्हणजे दर्यामें खसखस. तरी जगभर बातमी झाली ती त्या खसखशीचीच. हॉर्न्सडेल पॉवर रिझर्व्ह हे त्या बॅटरीचं नाव. क्षमता १०० मेगावॉट, साठा १२९ मेगावॉट-तास, आणि त्या घटकेला जगातली सगळ्यात मोठी लिथियम-आयन बॅटरी. वयानं मात्र जेमतेम बारशाची, कारण ती सुरू झाली होती १ डिसेंबरला.

बॅटरी म्हटलं की आपल्या डोक्यात एकच गोष्ट येते, साठवण. दुपारचं ऊन भरून ठेवायचं आणि रात्री दिवे लावायचे. ते काम ती करतेच, पण ग्रीडवरच्या मोठ्या बॅटऱ्यांनी पहिली कमाई केली ती तत्परतेवर. पी हळद नि हो गोरी म्हणून आपण लोकांची थट्टा करतो. वीजक्षेत्रात तसं करून दाखवणारी ही एकच वस्तू निघाली. आता तिच्या काही गमती ऐका.

पन्नासचा काटा

आधी फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे वीज सेकंदाला किती झोके घेते त्याचं बघू, कारण सगळा खेळ तिचा आहे. ग्रीडवर या क्षणी जेवढी वीज वापरली जातेय तेवढीच याच क्षणी तयार व्हावी लागते. मेळ बसला की काटा ५० हर्ट्झवर. मागणी जास्त झाली की देशभरातली अजस्र टर्बाइनं एकाच वेळी किंचित मंदावतात आणि काटा खाली येतो, वीज जास्त झाली की वर जातो. भारतात हा काटा ४९.९० आणि ५०.०५ च्या मध्ये ठेवायचा दंडक आहे. घरात बसून आपल्याला यातलं काही जाणवत नाही, आणि जाणवू नये म्हणूनच भार प्रेषण केंद्रातली माणसं रात्रंदिवस पडद्याकडे बघत बसलेली असतात.

जरासं इकडेतिकडे झालं तर काय होतं? २०१८ च्या सुरुवातीला सर्बिया आणि कोसोव्हो यांच्या भांडणात ११३ गिगावॉट-तास वीज ग्रीडवर आलीच नाही. युरोपातल्या २५ देशांचं ग्रीड एकमेकांना जोडलेलं आहे, त्यामुळे सगळीकडची फ्रिक्वेन्सी आठवडेच्या आठवडे केसभर कमी राहिली. सरासरी होती ४९.९९६. आणि या केसभर फरकानं ओव्हन, मायक्रोवेव्ह आणि गजराची जी घड्याळं ग्रीडचे झोके मोजून वेळ दाखवतात, ती मार्चपर्यंत सहा मिनिटं मागे पडली. बाल्कनमधल्या वादापायी पार पश्चिम युरोपात लोकांना कामावर जायला उशीर. तिकडच्या ऑफिसांत ही सबब कुणी वापरली असेल, तर ती खरी होती.

आपल्याकडचा किस्सा याहून भारी. ५ एप्रिल २०२०, कोरोनाच्या टाळेबंदीत रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे घालवून पणत्या लावायचं आवाहन झालं. लोकांनी गॅलरीत मेणबत्त्या लावल्या, आणि इकडे देशाची वीजमागणी काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॉटनं घसरली. नऊ मिनिटांनी ती परत उसळणार होती. हा झोका मुख्यत्वे सांभाळला तो धरणांखालच्या जलविद्युत संचांनी, आधी पाणी रोखून आणि मग सोडून. फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ मध्येच राहिली. त्या रात्री टाळ्या वाजवायच्या होत्या त्या या लोकांसाठी, पण ते लक्षात कोण घेतो!

कोळशाच्या संचाला वीज लक्षणीय वाढवायला मिनिटं लागतात. म्हणजे तुटवडा आत्ता आणि मदत मागाहून, वरातीमागून घोडं. पाणी त्यापेक्षा चपळ. वेल्समध्ये डिनॉर्विग नावाचं केंद्र डोंगराच्या पोटात आहे, १९८४ सालचं. त्याची टर्बाइनं आधीच रिकामी फिरत ठेवलेली असली, तर १५ सेकंदांच्या आसपास १,३२० मेगावॉट वीज मिळते. फुटबॉलचा सामना संपला की सगळं ब्रिटन एकदम चहाची किटली लावतं, त्या धांदलीसाठी हे फार उपयोगी पडलं. १९९० च्या विश्वचषकात इंग्लंड-पश्चिम जर्मनी उपांत्य सामना पेनल्टीवर संपला तेव्हाची उसळी होती २,८०० मेगावॉटची.

बॅटरीला यातलं काहीच करावं लागत नाही. फिरवायला चाक नाही, उघडायला झडप नाही. इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी वाचतो आणि सेकंदाच्या लहानशा अंशात वीज सोडतो. लॉय यांगच्या रात्री झालं ते एवढंच.

शंभर दिवस, नाहीतर फुकट

हॉर्न्सडेलची जन्मकथाही मसालेदार आहे. २८ सप्टेंबर २०१६ ला साउथ ऑस्ट्रेलियात प्रचंड वादळ झालं, विजेचे मनोरे आडवे झाले आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. पाठोपाठ राजकारण पेटलं: दोष पवनचक्क्यांचा की तारांचा? मार्च २०१७ मध्ये माइक कॅनन-ब्रूक्स या सॉफ्टवेअर उद्योजकानं ट्विटरवर एलॉन मस्कला डिवचलं, बॅटरीनं ही अडचण सोडवू, हे बोलणं खरंच मनावर घेऊन केलंय का? मस्कनं जाहीर केलं, करारावर सही झाल्यापासून १०० दिवसांत उभी करतो, नाहीतर फुकट.

पैज मस्क जिंकला आणि बराच वेळ हातात राखून जिंकला. मात्र यात एक मेख आहे. घड्याळ अधिकृतपणे सुरू झालं २९ सप्टेंबरला, आणि त्याच दिवशी जागेवर झालेल्या समारंभात सांगण्यात आलं की निम्मं काम झालंय! लग्न ठरायच्या आधी मांडव घालून ठेवला तर मुहूर्त चुकायचा कसा?

तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री स्कॉट मॉरिसन यांनी या बॅटरीची यथेच्छ टर उडवली होती. ऑस्ट्रेलियात हमरस्त्यांवर पर्यटकांसाठी अवाढव्य पुतळे उभारायची हौस आहे. कुठे राक्षसी केळं, कुठे राक्षसी कोळंबी. मॉरिसन यांच्या मते ही बॅटरीही त्याच माळेतली. मात्र २०२० मध्ये ‘केळ्या’ची क्षमता वाढवून १५० मेगावॉट करण्यात आली. फ्रिक्वेन्सी सांभाळायच्या सेवेचे दर तर ती आल्यावर धाडकन कोसळले, कारण त्या धंद्यात आधी मूठभर केंद्रांचीच चलती होती. पहिल्याच वर्षात ग्राहकांचे सुमारे ४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर वाचले असा हिशोब लागला.

कौतुक फार झालं म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१९ मध्ये काही महिने या बॅटरीनं ‘मी तयार आहे’ म्हणून बाजारात बोली लावली, तयार राहण्याचे पैसेही घेतले, पण सांगितली तेवढी मदत देण्याच्या स्थितीत ती नव्हतीच. क्वीन्सलँडमधलं कोगन क्रीक केंद्र ऑक्टोबरात बंद पडलं तेव्हा हे उघडकीला आलं. बोलाचाच भात, बोलाचीच कढी. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२२ मध्ये ९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. मला हा दंड फार बोलका वाटतो. वीज दिली नाही म्हणून तो झालेला नाही. हाकेला ओ देण्याची जी तयारी विकली होती, ती नव्हती म्हणून झाला.

अडली नगरी बॅटरीचे पाय धरी

ग्रीडवर बॅटरी बसवायची ही चूष मस्कची नाही आणि या शतकातलीही नाही. जिथे तारा तुटल्या, सीमा आडव्या आल्या किंवा शेजारी बिनसला, तिथे बॅटरी आधी पोचली.

पश्चिम बर्लिनचंच बघा. शहर पश्चिम जर्मनीच्या बाजूचं, पण चहूबाजूंनी पूर्व जर्मनी. ग्रीड तोडलेलं, त्यामुळे या मोठ्या शहराला स्वतःची वीज स्वतः करायची आणि ५० चा काटाही स्वतःच सांभाळायचा. शेजाऱ्याकडून उसनं मागायची सोय नाही. १९८० च्या दशकात तिथल्या बेवाग या वीजकंपनीनं १७ मेगावॉटची बॅटरी बसवली, तीही लिथियमची नाही तर साधी शिसं-आम्लाची, आपल्या इन्व्हर्टरच्या जातीची. भिंत पडली, १९९४ च्या डिसेंबरात शहर युरोपच्या ग्रीडला जोडलं गेलं आणि बॅटरीचं प्रयोजन उरलं नाही. शीतयुद्ध संपल्यामुळे ज्यांची नोकरी गेली त्यांत हिचंही नाव घालायला हरकत नाही.

अलास्कातल्या फेअरबँक्सची अडचण थंडीची. तिथे पारा उणे ४०-५० पर्यंत उतरतो. अँकोरेजकडून येणारी लांबलचक लाइन तुटली तर राखीव जनित्रं सुरू व्हायला काही मिनिटं लागतात, आणि तशा थंडीत घरातले पाण्याचे पाइप गोठून फुटायला फार वेळ लागत नाही. म्हणून २००३ मध्ये निकेल-कॅडमियमचे १३,७६० सेल एका भल्यामोठ्या शेडमध्ये मांडले गेले. वजन १,३०० टन. काम काय, तर २७ मेगावॉट वीज फक्त १५ मिनिटं द्यायची. चाचणीत तिनं पाच मिनिटं ४६ मेगावॉट दिले आणि गिनीज बुकात नाव लावलं. १५ मिनिटांसाठी १,३०० टन! ऐकायला उधळपट्टी वाटते. फेअरबँक्समध्ये जानेवारीची एक रात्र काढलेल्या माणसाला वाटणार नाही.

टेक्ससमधल्या प्रेसिडिओ या मेक्सिकोच्या सीमेवरच्या छोट्या गावाला वीज आणणारी लाइन एकच, १९४८ साली टाकलेली, सुमारे ९५ किलोमीटर लांब, आणि वाटेत वीज कोसळायचं प्रमाण दांडगं. २०१० मध्ये तिथे ४ मेगावॉटची सोडियम-सल्फर बॅटरी बसली. गावकऱ्यांनी तिचं नाव ठेवलं ‘बॉब’. या बॉबचा स्वभाव तापट. आतलं सोडियम आणि गंधक वितळलेलंच ठेवावं लागतं, त्यामुळे पोटातलं तापमान सदैव ३०० अंशांच्या आसपास.

आणि अगदी ताजी गोष्ट. एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया सोव्हिएत संघातून केव्हाच बाहेर पडले, पण त्यांची फ्रिक्वेन्सी फेब्रुवारी २०२५ पर्यंत रशियाच्या ग्रीडशी बांधलेली होती. ८ फेब्रुवारीला त्यांनी ती गाठ सोडली, एक दिवस तिघांनी आपलं आपण चालवून पाहिलं आणि ९ तारखेला युरोपच्या ग्रीडशी गाठ मारली. लिथुआनियानं त्याच्या तयारीत चार ठिकाणी ५०-५० मेगावॉटच्या बॅटऱ्या आधीच बसवून ठेवल्या होत्या. स्वातंत्र्य मिळाल्यावर ३० पेक्षा जास्त वर्षं शेजाऱ्याच्या काट्यावर नाचावं लागणं म्हणजे काय, हे त्यांनाच ठाऊक.

कंटेनर उघडून बघू

आता कपाटाच्या आत डोकावू. आजकाल ग्रीडसाठी जो लिथियम सेल सर्रास वापरला जातो तो ३१४ अँपिअर-अवरचा. साधारण १७ सेंटिमीटर रुंद, २० उंच, ७ जाड. वजन साडेपाच किलोच्या आसपास. व्होल्टेज ३.२. गुणाकार करा: ३१४ गुणिले ३.२, म्हणजे जवळपास १,००५ वॉट-तास. म्हणजेच एक युनिट! बिलावर ज्याचे पैसे लागतात ते एक अख्खं युनिट एका हातात उचलता येतं. घरच्या १५० अँपिअर-अवरच्या इन्व्हर्टर बॅटरीत पावणेदोन-दोन युनिटं मावतात, पण ती जिना चढवायला दोन माणसं लागतात.

असे १०४ सेल एका पेटीत. पेट्या एकावर एक रचून मांडण्या, मांडण्यांच्या मधून थंड द्रवाच्या नळ्या, प्रत्येक सेलचा व्होल्टेज आणि ताप टिपणाऱ्या तारा. २० फुटी एका कंटेनरमध्ये साधारण ५,००० सेल बसतात, म्हणजे ५,००० युनिटं. महिन्याला १०० युनिटं जाळणाऱ्या ५० घरांचं महिन्याभराचं बिल एका कंटेनरमध्ये, आणि कंटेनरचं वजन ४० टनांच्या वर. रस्त्यानं नेताना पुलांची काळजी घ्यावी लागते ती त्यामुळे. जवळ उभं राहिलं तर ऐकू येते फक्त पंख्यांची घरघर. शेजारपाजारच्या तक्रारी असतात त्या बहुतेक या घरघरीच्याच.

या सेलमधलं रसायन लोह-फॉस्फेटचं, बाजारात ‘एलएफपी’ म्हणून ओळखलं जाणारं. कोबाल्ट नाही, निकेल नाही, त्यामुळे स्वस्त आणि स्वभावानं थंड. हे सापडलं टेक्सस विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत, १९९० च्या दशकात. १९९७ च्या त्या शोधनिबंधावर गुडइनफ यांच्या आधी दोन नावं आहेत, अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी. गुडइनफना २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीसाठी विभागून नोबेल मिळालं, वयाच्या ९७ व्या वर्षी. इतक्या उतारवयात नोबेल मिळवणारा माणूस त्यांच्याआधी झाला नव्हता. पाढी आणि नंजुंडस्वामी ही नावं आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत यायला काय हरकत आहे, मला कळत नाही.

लिथियमखेरीज इतर मंडळीही आहेत. चीनमध्ये दालियन शहरात २०२२ पासून व्हॅनेडियमची १०० मेगावॉट, ४०० मेगावॉट-तासांची बॅटरी चालते. तिची वीज टाक्यांमधल्या द्रवात असते, आणि विद्युतभार बदलला की द्रवाचा रंग बदलतो. पिवळा, निळा, हिरवा, जांभळा. बॅटरी किती भरली हे तत्त्वतः नुसतं बघून सांगता येईल. २०२४ मध्ये चीनच्याच हुबेई प्रांतात सोडियम-आयनची ५० मेगावॉटची बॅटरी सुरू झाली. सोडियम म्हणजे मिठातलं, त्यामुळे खाणीसाठी भांडणं नकोत. फिनलंडवाल्यांनी तर कमालच केली. कांकानपा गावात १०० टन वाळू भरलेला पत्र्याचा उभा हौद आहे. स्वस्त वीज असेल तेव्हा वाळू ५००-६०० अंशांपर्यंत तापवायची आणि थंडीत ती ऊब गावाच्या गरम पाण्याच्या नळांत सोडायची. ही बॅटरी वीज परत देत नाही, नुसती ऊब देते. उणे २० मध्ये माणसाला दुसरं काय हवं असतं?

आणि ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ अरेना या फुटबॉल स्टेडियममध्ये २०१८ साली ३ मेगावॉटची बॅटरी बसली ती निसान लीफ मोटारींच्या १४८ बॅटऱ्यांएवढी, आणि त्यातल्या काही रस्त्यावर धावून निवृत्त झालेल्या. पेन्शनीत निघून पुन्हा मैदानात.

दुपारची मंदी, संध्याकाळची तेजी

चपळाईवर कमाई झाली, पण या बाजाराला मर्यादा असते. फ्रिक्वेन्सी सावरायला जेवढी बॅटरी लागते तेवढी बसली की दर पडतात. मधल्या काळात सेल मात्र धडाधड स्वस्त झाले. २०१० मध्ये किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर असलेला लिथियम बॅटरी पॅकचा भाव २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आला. तेव्हा कुठे बॅटरी साठवणीच्या मूळ कामाला खऱ्या अर्थानं लागली.

हे बघायचं ठिकाण कॅलिफोर्निया. तिथे दुपारी सौर वीज इतकी की कधी कधी घाऊक भाव शून्याखाली जातो. वीज घेऊन जा आणि वर पैसेही घ्या! सूर्य कलला की तासा-दोन तासांत हजारो मेगावॉटचा खड्डा. सौर वीज वजा केल्यावर उरणाऱ्या मागणीचा आलेख २०१३ मध्ये तिथल्या ग्रीडचालकांनी काढला तेव्हा तो बदकासारखा दिसला, आणि तेच नाव पडलं. बॅटरीनं या बदकावर लासलगावच्या कांदा व्यापाऱ्यासारखा धंदा मांडला: आवक जास्त असताना पडेल भावात भरायचं, चाळीत ठेवायचं आणि भाव चढला की काढायचं. फरक इतकाच की इथे चाळीत माल चार तासच टिकवायचा असतो, आणि १०० युनिटं भरली तर परत हाती येतात ८५ च्या आसपास. बाकीची घट.

२०१९ मध्ये कॅलिफोर्नियात ७७० मेगावॉट बॅटऱ्या होत्या. एप्रिल २०२४ पर्यंत झाल्या १०,००० च्या वर. १६ एप्रिल २०२४ च्या संध्याकाळी ६,००० हून अधिक मेगावॉट बॅटऱ्यांतून वाहत होते, आणि काही काळ राज्याच्या ग्रीडवरचा सगळ्यात मोठा पुरवठादार त्याच होत्या. गॅसपेक्षा मोठा, पाण्यापेक्षा मोठा.

यातली आणखी एक गंमत म्हणजे या बॅटऱ्यांचे पत्ते. बऱ्याचशा मोठ्या बॅटऱ्या जुन्या किंवा बंद पडलेल्या वीजकेंद्रांच्या आवारात उभ्या राहतात. कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला गॅसचं केंद्र, व्हिक्टोरियातल्या हेझलवूडला कोळशाचं. कारण अगदी व्यवहारी आहे. जमीन आहे, उच्चदाब वाहिन्या दारापर्यंत आलेल्या आहेत, उपकेंद्र तयार आहे. हवाईत ओआहू बेटावर २०२२ मध्ये शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं, तर त्याची जागा भरायला जवळच कापोलेईला १८५ मेगावॉटची बॅटरी आली. राख गेली, तारा राहिल्या.

आग लागली की बघत राहायचं

लिथियम पेटलं की विझवणं कठीण, हे मोबाइलमुळे आता सगळ्यांना ठाऊक आहे. १६ जानेवारी २०२५ ला मॉस लँडिंगच्या बॅटरीला आग लागली, हजाराहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली आणि किनाऱ्यालगतचा हमरस्ता बंद झाला. तिथली चूक मांडणीतली म्हणावी लागेल. बॅटऱ्या जुन्या टर्बाइनच्या बंदिस्त सभागृहात दाटीवाटीनं ठेवलेल्या होत्या आणि रसायन लोह-फॉस्फेटचं नव्हतं, निकेल-कोबाल्टचं होतं. हल्ली कंटेनर उघड्यावर, अंतर राखून ठेवतात. एक पेटला तर अग्निशमनवाले त्याच्या नादी लागत नाहीत. शेजारच्यांवर पाणी मारतात आणि पेटलेला जळू देतात. ‘पेटलाय तर पेटू दे’ ही लेखी पद्धत आहे यावर आपल्याकडच्या फायर ब्रिगेडचा चटकन विश्वास बसायचा नाही.

२०२१ मध्ये जिलाँगजवळच्या व्हिक्टोरियन बिग बॅटरीत चाचणी सुरू असताना असंच झालं. कारण निघालं थंड करणाऱ्या द्रवाची गळती. आणि ज्या युनिटमध्ये ती झाली ते चाचणीपुरतं किल्लीनं बंद करून ठेवलेलं, त्यामुळे त्याच्यावरची दूरची नजरही बंद. रखवालदाराला सुट्टी दिली आणि त्याच दिवशी चोर आला.

आणि आपण

भारतात ग्रीडपातळीवरची पहिली बॅटरी फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीत रोहिणीला बसली, १० मेगावॉटची. मग २०२२ मध्ये गुजरातेत मोढेऱ्याला. अकराव्या शतकातल्या सूर्यमंदिराचं हे गाव दिवसा सौर विजेवर आणि रात्री १५ मेगावॉट-तासांच्या बॅटरीवर चालेल अशी योजना झाली. सूर्यदेवाला रात्रपाळी लावली म्हणायची! छत्तीसगडमध्ये राजनांदगावला ४० मेगावॉट, १२० मेगावॉट-तासांची बॅटरी सौर प्रकल्पाला जोडली गेली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कच्छच्या खावडा भागात १,१२६ मेगावॉटचा प्रकल्प जाहीर झाला. सहा वर्षांत दहावरून अकराशेवर.

चक्रावून टाकतात ते दर. २०२२ च्या लिलावात ‘सेकी’ या केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळाला मिळालेला भाव होता मेगावॉटमागे महिन्याला १०.८४ लाख रुपये. २०२४ संपता संपता राजस्थानच्या लिलावात तो सव्वादोन लाखांच्या घरात आला. यात प्रकल्प परवडावा म्हणून केंद्र देत असलेल्या व्यवहार्यता निधीचा हातभार आहे, चिनी सेलच्या घसरलेल्या किमतीचा आहे, आणि थोडा बोली लावणाऱ्यांच्या उत्साहाचाही असावा असा मला दाट संशय आहे. इतक्या कमी भावात घेतलेलं काम प्रत्यक्षात किती उभं राहतं, ते बघायचं.

महाराष्ट्राकडे जुनी बॅटरी आहे, फक्त तिला कुणी बॅटरी म्हणत नाही. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर, २५० मेगावॉटचं. २००८ पासून तिथे वीज स्वस्त असताना खालच्या जलाशयातलं पाणी पंपानं वर चढवतात आणि गरज पडली की तेच पाणी चारशे मीटर खाली सोडून वीज करतात. वरचं धरण अहिल्यानगर जिल्ह्यात, खालचं ठाण्यात. पाणी बिचारं रोज जिल्हा बदलतं.

एक बदल मात्र बिलावर येऊन पोचलाय. पूर्वी उद्योगांना सवलत मिळायची रात्रीच्या विजेवर, कारण तेव्हा मागणी पडलेली असे आणि कोळशाचे संच बंद करता येत नसत. २०२५ पासून ती सवलत सरकली सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये, आणि स्मार्ट मीटर असलेल्या घरांनाही त्या वेळेत सूट मिळू लागली. शेतकऱ्याला रात्री विंचूकाट्यात मोटार चालू करायला न लावता दिवसा सौर फीडरवर वीज द्यायची, ही योजनाही त्याच हिशोबातली. जेवढा वापर दुपारी सरकेल तेवढे कंटेनर कमी लागतील.

मुंबईचं प्रकरण वेगळं. बाहेरचं ग्रीड कोसळलं तरी शहर स्वतःला तोडून घेऊन स्वतःच्या केंद्रांवर चालू राहील, अशी ‘आयलंडिंग’ची व्यवस्था या शहरात कित्येक वर्षं आहे. भारनियमनात होरपळलेला उरलेला महाराष्ट्र मुंबईच्या दिव्यांचा हेवा करायचा तो उगाच नव्हे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मात्र ही व्यवस्था कामी आली नाही. लोकल रुळांवर थबकल्या, लिफ्ट मजल्यांच्या मध्ये अडकल्या, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या.

बंद पडलेलं ग्रीड उठवणं हे मोठं कसबाचं काम. वीजकेंद्राला सुरू व्हायलाच वीज लागते, पंपांना, पंख्यांना, नियंत्रण कक्षाला. ती पहिली ठिणगी बहुतेक वेळा धरणाखालच्या एखाद्या छोट्या संचाकडून येते. बॅटरीही ती देऊ शकते, तेही शहराच्या मधोमध बसून. २०२५ मध्ये वीज नियामक आयोगानं टाटा पॉवरला मुंबईत १०० मेगावॉट बॅटऱ्या बसवायला मंजुरी दिली. त्या एका जागी नसतील, शहरभर दहा ठिकाणी विखुरलेल्या असतील, आणि मेलेलं ग्रीड उठवायचं काम त्यांच्या यादीत आहे. मुंबईत दहा मोकळ्या जागा कुठून काढणार, हा भाग मला रसायनशास्त्रापेक्षा अवघड वाटतो.